घरच्यांवर कादंबरी लिहायची, तर घरच्यांना विचारायचं का?

शेवरी | मंगळवार, रात्री १०:४२

प्रश्न आधी विचारते, पाल्हाळ नंतर. आपण ज्या घरात वाढलो त्या घरातल्या माणसांवर, त्यांच्या कामावर, पैशाच्या ओढाताणीवर कादंबरी लिहायची असेल तर त्यांना विचारायचं का? विचारलं आणि ती "नको" म्हणाली, तर काय करायचं?

माझी पहिली कादंबरी आली आहे. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. दुसरी चालू आहे. बाबा मांडवी नदीत खाणीचं लोहखनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी होते, आई डिचोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात. मी शाळेत शिकवते. पंख्याखाली बसून पगार घेणारी आमच्या घरातली पहिली मीच.

पहिल्या कादंबरीत काजू कारखान्याचं एक प्रकरण आहे. पुण्यामुंबईच्या परीक्षणांमध्ये त्याचं कौतुक झालं. "दाहक", "विदारक", "सुन्न करणारं" वगैरे. ते प्रकरण मी आईला वाचून दाखवलं. ती चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली, वाचता येतं, पण चष्मा शोधायचा कंटाळा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी इतलीं गरीब नाशिल्लीं गो." मग भांडी आवरता आवरता म्हणाली, मी कामाला किती चांगली होते ते कुठे लिहिलंयस?

दुसरी कादंबरी बाबांवर आहे. बाबा आता नाहीत, म्हणजे विचारायची सोय नाही. पण काका आहेत, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांचा निरोप आला: "दारूबिरू घालू नको त्यात."

बार्जवरच्या माणसाची कादंबरी, आणि दारू नाही! बोला आता. अनुभव असलेल्यांनी लिहा. नसलेले तर लिहितीलच.

रुमालवाला_म्हापसा | रात्री १०:५५

रुमाल टाकून ठेवतो. शुक्रवारचा बाजार आवरला की सविस्तर लिहितो, तोवर तुम्ही भांडून घ्या.

दोतोर_फोंडा | रात्री ११:१०

अजिबात विचारायचं नाही. परवानगी घेऊन लिहिलेली कादंबरी म्हणजे लग्नाचा अल्बम. सगळे हसतायत, सगळ्यांनी नवे कपडे घातलेत, आणि हुंड्यावरून मांडवात जे झालं ते कुठेच नाही.

काकांना नम्रपणे सांगा की हे पात्र काल्पनिक आहे. ते विश्वास ठेवणार नाहीत, पण तुमचं काम झालं.

खारेवाट | रात्री ११:२४

माझे बाबा सरकारी नोकर, आई सरकारी नोकर, मी सरकारी नोकर. मी कादंबरी लिहू शकतो का? की आधी कुणाची तरी नोकरी घालवू?

अबोली_वळेर | रात्री ११:३१

खारेवाट, :हाहा: गोव्यात श्रमिक वर्ग म्हणजे ज्याची फाइल अजून मंत्र्याच्या टेबलावर आहे तो वर्ग.

जेटीवरचा | बुधवार, सकाळी ६:०५

मी बार्जवर होतो, इंजिनावर. त्यामुळे थोडं जास्त लिहितो, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

शेवरीबाय, काकांचं ऐकू नका, पण ते असं का म्हणतात ते ऐका. बार्जवाला म्हणजे बेवडा, हे आमच्या कपाळावर छापलेलं होतं. माझं लग्न ठरताना मुलीच्या मामाने पहिला प्रश्न तोच केला. पिणारे होते, नाही कोण म्हणतो? पण भरलेली बार्ज पिऊन चालवता येत नाही. माल भरला की बार्जची कड पाण्यापासून जेमतेम वर राहते. भरती बघून निघायचं. गाळावर रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत बसा भजन करत. गाळ दर पावसाळ्यात जागा बदलणार, म्हणजे नदी दर वर्षी नव्याने पाठ करायची. पावसात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा आणि वर लाटा, तिथून बार्ज काढायची सोय नाही. मग कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरायचं आणि तिथून मुरगाव बंदर. त्या कालव्यात समोरून दुसरी बार्ज आली की दोन्ही मास्टर एकमेकांच्या खानदानाची विचारपूस करत वाट काढणार. तिथे मगरी आहेत. आता पर्यटकांना पैसे घेऊन दाखवतात, आम्ही फुकट बघायचो.

तेव्हा दारू बिनधास्त घाला. फक्त ती कधी, तेही घाला. माल उतरला, नांगर पडला, पाळी संपली की. बाबांना पाजा, पण सुकाणूवर असताना पाजू नका. काकांचा अर्धा राग तिथेच जाईल.

आणि २०१२ घाला. सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. २०१४ ला बंदी उठली, वाटलं सुटलो. २०१८ ला कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि परत नांगर. बार्जी उभ्या उभ्या गंजल्या, कित्येक भंगारात गेल्या. मी तोवर एका हॉटेलच्या जनरेटरवर लागलो होतो. तिथे साहेबाने विचारलं, इंजिनाचा अनुभव आहे का? मी म्हटलं, थोडाफार आहे.

शेवरी | सकाळी ७:१५

जेटीवरचा काका, हे मी छापून भिंतीला लावणार आहे. सुकाणूवर नाही पाजणार, शब्द देते.

कोपरखळी | सकाळी ९:४८

एक अप्रिय प्रश्न. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, सातवा आयोग घेता. श्रमिक पार्श्वभूमी हे आता तुमचं भांडवल झालं आहे. आई काजू फोडत होती, तुम्ही आईला फोडताय. ज्यांनी ते आयुष्य काढलं त्यांनी लिहिलं तर ते साहित्य. त्यांच्या मुलांनी पगारी रजा घेऊन लिहिलं तर तो व्यवसाय.

दोतोर_फोंडा | सकाळी १०:०२

कोपरखळी, नारायण सुर्वे एका गिरणी कामगाराने वाढवलेले. गिरणीत राबले, पालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि मग शिक्षक. शिक्षक झाल्यावर लिहिलेल्या कविता बाद करायच्या का? "माझे विद्यापीठ" १९६६ चं, तेव्हा ते मास्तरच होते. तुमच्या हिशेबाने तो व्यवसाय झाला.

कोपरखळी | सकाळी १०:२०

सुर्वे गिरणीत स्वतः राबले होते. मी नेमकं तेच म्हणतोय. दुसऱ्याच्या घामाला आपलं शाईपेन लावू नये.

सांगेकार | सकाळी १०:३६

मग महाबळेश्वर सैलांनी "हावठण" लिहायला नको होती. सैनिक होते ते, आणि कादंबरी कुंभारांची, त्यांच्या मातीची, आव्याची. २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला तिला. पुंडलीक नाईकांची "अच्छेव" १९७७ ची. खाण गावात आली की गावाचं काय होतं ते तेव्हाच लिहून ठेवलंय, आणि आम्ही २०१२ ला जागे झालो. माजोर्ड्याच्या दामोदर मावजोंना ज्ञानपीठ मिळालं, ते दुकान चालवायचे. गिऱ्हाईक उधारी सांगता सांगता घरचं सांगतं, ते ऐकायला कान लागतो. दुकानदाराने गिऱ्हाइकावर लिहायचं नाही असा नियम केला तर गोव्यात साहित्यच उरणार नाही. सगळे एकमेकांचे गिऱ्हाईक.

शेवरी | दुपारी १२:५०

@कोपरखळी, भांडवल म्हणताय, तर हिशेबही ऐका. छापलेल्या प्रतींपैकी बऱ्याच माझ्याच पलंगाखाली आहेत. पाहिजे असतील तर घेऊन जा, भांडवलदारांना सूट आहे.

"आईला फोडताय" हे मात्र लागलं. म्हणून तिचं काम जरा सांगतेच. बी वाफवून, गार करून येते. समोर कटिंगचं मशीन. बी पात्यांच्या मधे बरोबर उभी धरायची, पायाने पेडल दाबायचं, पाती सालीत शिरली की दांडा उचलून साल दुभंगायची आणि आतला गर टोकदार सळईने काढायचा. हे एका दमात, दिवसभर. गर मोडला तर तुकड्यात जातो, आणि तुकड्याचा दर कमी. सालीतलं तेल कातडी जाळतं. हातांना खोबरेल नाहीतर राख लावून बसायचं, तरी बोटं काळी पडतातच. परीक्षणांमध्ये तो काळ्या बोटांचाच परिच्छेद उचललेला.

आईचा दरारा होता तो वेगळ्याच गोष्टीचा. काजूची प्रत ठरते एका पौंडात किती गर बसतात त्यावर. तीनशेवीस म्हणजे पौंडाला ३०० ते ३२०. एकशेऐंशी म्हणजे मोठा, महाग माल. आई सुपात नुसता हात फिरवून सांगायची, "हा दोनशेचाळीसात जाणार, पण वर कुणीतरी तीनशेवीस मिसळलाय." सुपरवायझर वजन करून बघायचा. नव्या बायका तिच्या शेजारी बसायला भांडायच्या.

हे पहिल्या कादंबरीत नाही, आणि नाही ते बरोबर आहे असं मला अजून वाटतं. तिथली निवेदक आठ वर्षांची मुलगी आहे, तिला आईचे फक्त हात दिसतात. पण वाचकांनी आठ वर्षांच्या मुलीचं बघणं हेच शेवटचं सत्य धरलं, आणि आईनेही तेच धरलं. दोघांना कसं समजावणार?

केप्याची_सून | दुपारी १:१८

माझ्या सासूबाई पण काजूतल्याच. रेशनच्या मशीनवर अंगठा टेकवला की मशीन म्हणायचं, जुळत नाही. बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. दुकानदार म्हणाला, मावशी, हात धुऊन या. तीन पिढ्या धुतले तरी निघणार नाही म्हणाल्या त्या, आणि दुसरं बोट पुढे केलं.

खारेवाट | दुपारी १:२५

सूचना: गोव्याचा धागा असल्यामुळे १:३० ते ४ प्रतिसाद येणार नाहीत.

विद्यापीठ_रोड | दुपारी ४:०२

(झोप झाली.) एक शंका. घरात बोलता कोकणी, लिहिता मराठी. मग आई-बाबा कादंबरीत कुठल्या भाषेत बोलतात? मला वाटतं "इतलीं गरीब नाशिल्लीं" हे पुस्तकात "एवढे गरीब नव्हतो" झालं की आई अर्धी परकी होते.

अबोली_वळेर | दुपारी ४:०५

झालं. आता १९८७ चा राजभाषा कायदा निघणार, मग १९६७ चा ओपिनियन पोल निघणार, मग बांदोडकर निघणार.

संपादक_मंडळ | सायंकाळी ५:४०

भाषावादाचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत, आणि ते सगळे कुलूपबंद आहेत.

शेवरी | सायंकाळी ६:१०

उडायच्या आत वाचले. थोडक्यात सांगते. आमच्याकडे मराठी आली ती शाळेतून आणि जत्रेतल्या नाटकांमधून. मुक्तीनंतर गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, त्यातलीच एक आईची. आई कारखान्यात कोकणीत भांडायची, पण संगीत नाटकातली पदं मराठीत म्हणायची आणि पत्र मराठीत लिहायची. त्यामुळे संवाद कोकणी, निवेदन मराठी, तळटीप एकही नाही. ज्याला कळेल त्याला कळेल.

घराखालची_जमीन | सायंकाळी ७:३३

मी मुंडकाराचा नातू. आमच्या घराच्या भिंती आमच्या, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. कौल बदलायचे तरी आजोबा आधी भाटकाराच्या बाल्कांवाखाली, म्हणजे घरापुढच्या व्हरांड्याखाली, उभे राहायचे. बसायचे नाहीत, उभे. नारळ पाडायला जायचं, चवथीच्या आधी भाट साफ करायचं, त्यांच्या घरी लग्न असलं की लाकडं फोडायची. मजुरी विचारायची नाही. १९७५ ला मुंडकार कायदा आला तेव्हा बाबांनी अर्ज केला. घर आमच्या नावावर होईपर्यंत आजोबा गेले आणि बाबांचे केस पांढरे झाले.

मी यावर लिहितोय. कुणाला विचारणार? ज्यांना आयुष्यभर विचारत राहावं लागलं त्यांच्या नातवाने आता परत विचारत बसायचं?

बाल्कांव | रात्री ९:१५

बराच वेळ विचार करून लिहितेय. मी दुसऱ्या बाजूची. आजोबा भाटकार होते. कुठल्या गावचे ते सांगत नाही.

आमच्या गावातल्या एकाने कथा लिहिली, त्यात एक भाटकार आहे. हातातली चांदीची मूठ असलेली काठी, एक डोळा बारीक, उजव्या पायाने लंगडणं. गावात असा माणूस एकच होता. कथेतला भाटकार जे करतो त्यातलं काही आजोबांनी केलं असेल, मला माहीत नाही, नाही म्हणायची माझी हिंमत नाही. पण कथेत तो एका बाईवर हात टाकतो. हे झालं होतं का? आजी तेव्हा जिवंत होती. तिला कुणीतरी ती कथा नेऊन दिली. आजीने ती वाचली की नाही आम्हाला कळलं नाही, पण ती पुढच्या जत्रेला देवळात आली नाही.

गरिबाने श्रीमंतावर लिहिताना विचारायची गरज नाही, हे मला पटतं. पण मग काठी तरी बदला ना.

घराखालची_जमीन | रात्री ९:२९

तुमच्या आजीचं वाईट वाटलं, खरंच. पण "काठी बदला" म्हणजे काय ते समजून घ्या. आमच्या बायकांवर कुणी हात टाकला तेव्हा पोलिसात तक्रार गेली नाही, कुठे नोंद नाही, कागद नाही. काठीच राहिली लक्षात. तीही बदलली तर काय उरलं?

बाल्कांव | रात्री ९:४४

उरेल. पण मग झालं असेल तेच लिहा. काठी खरी आणि करणी उसनी, असं करून आमच्यासारख्यांना उत्तर द्यायची पण जागा राहत नाही.

दोतोर_फोंडा | रात्री ९:५८

इथे मी माझा पहिला प्रतिसाद थोडा आवरता घेतो. "काल्पनिक आहे" असं सांगून सुटता येतं ते पुण्यात. गोव्यात पाच किलोमीटरवर सगळे सगळ्यांना ओळखतात. इथे काल्पनिक पात्र लिहायचं तर त्याला आसामातून आणावं लागेल.

निनावी_सध्या | रात्री ११:३७

नेहमीच्या नावाने लिहीत नाही, कारण घरचे इथे वाचतात.

मी माझ्या मोठ्या भावावर कथा लिहिली. त्याने तेजीच्या वर्षांत कर्ज काढून ट्रक घेतले होते. चीनला माल जात होता, दिवसाला ट्रिपा मोजायला वेळ नव्हता. एकाचे दोन ट्रक झाले. मग २०१२. ट्रक दारात, हप्ते चालू. पुढे काय काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंय, प्रत्येक खाणगावात तेच. आमच्या घरात थोडं जास्त झालं. मी ते लिहिलं, एका दिवाळी अंकात आलं. नावं बदलली होती, गाव बदललं होतं, ट्रकांचा रंग पण बदलला होता.

वहिनीने अंक वाचला. माझ्याशी बोलणं बंद केलं. भाऊ बोलतो, तो कधीच थांबला नाही. वहिनीचं म्हणणं एवढंच होतं की भावोजी, आमच्या घरात त्या दिवसांत काय झालं हे माझ्या माहेरी माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत.

शेवरी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: परवानगी मागू नका, कारण मागितली की नाहीच म्हणणार. पण छापायच्या आधी कळवा. आणि नुसतं ज्याच्यावर लिहिलंय त्यालाच कळवू नका. ज्याला त्यातून काही गमवावं लागणार आहे त्यालाही सांगा. मी भावाला सांगितलं होतं. वहिनीला सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

अबोली_वळेर | गुरुवार, सकाळी ८:१२

निनावी, _/\_

पडद्यामागे | सकाळी ९:००

वातावरण जड झालंय, म्हणून एक किस्सा. आमच्या गावात जत्रेला दर वर्षी हौशी नाटक होतं. एका वर्षी आम्हीच लिहिलेलं केलं, विषय खाणीवरचा ट्रक मालक. कर्ज, दारू, बायकोला मारणं, सगळं. आणि ज्याच्यावरून लिहिलं तो समोर पहिल्या रांगेत, आमच्या वर्गणीत सगळ्यात मोठी पावती त्याची. आम्ही विंगेत घामाघूम. आज काही आपण घरी जात नाही, असं वाटलं.

नाटक संपलं. तो रंगपटात आला आणि नटाला म्हणाला, "बाकी चांगलं केलंस रे. पण भरलेला ट्रक घाटात असा उतरवतात? गियर कुठे टाकलास तू? मेला असतास." मग तिथेच बाकड्यावर बसून त्याने त्याला गियर शिकवला. पुढच्या प्रयोगाला नट बरोबर गियर टाकत होता, आणि हा समोर बसून मान हलवत होता.

बायकोला मारण्याबद्दल तो काही बोलला नाही. तिच्याशी कोण बोललं होतं का? नाही. ती बायकांच्या बाजूला बसली होती, आम्ही तिकडे बघितलंच नाही. निनावींचा प्रतिसाद वाचून आज ते आठवलं.

जेटीवरचा | सकाळी ९:२०

शेवरीबाय, आईचं पण तेच म्हणणं आहे बघा. गरीब म्हटल्याचा राग नाही, मेहनत दिसली नाही याचा आहे.

विद्यापीठ_रोड | सकाळी १०:११

याच्यात एक धोका दिसतो मला. कौशल्य, कौशल्य करत गेलात तर कारखानदारही खूश होईल. "बघा आमच्या कामगार महिला किती निष्णात!" कॅलेंडरवर फोटो छापतील. दर काय मिळत होता, संडास होता का, पगारी सुट्टी होती का, ते कोण लिहिणार? आईला अभिमान आहे म्हणून लेखिकेने राग सोडायचा का?

शेवरी | सकाळी ११:३०

@विद्यापीठ_रोड, राग सोडणार नाही. उलट तिला मालाची प्रत हाताने कळत होती आणि तरी दर तोच मिळत होता, हे लिहिलं की राग जास्त येतो. काळ्या बोटांनी वाचकाला दया येते आणि तो पान उलटतो. तीनशेवीस ओळखणाऱ्या बाईला सुपरवायझर कधीच केलं नाही, का नाही, हे वाचल्यावर त्याला काहीतरी विचारावंसं वाटेल. निदान मला तरी वाटतं.

काल रात्री आईला विचारलं, तुला सुपरवायझर का नाही केलं? म्हणाली, "बायांक करिनाशिल्ले." एवढंच. आणि टीव्ही मोठा केला.

कोपरखळी | दुपारी १२:०५

हे पहिल्या कादंबरीत असतं तर मी एवढं बोललो नसतो. पलंगाखालची एक प्रत पाठवा. पैसे देतो, सूट नको.

खारेवाट | दुपारी १२:०८

इतिहासात नोंद करा. कोपरखळींनी पुस्तक विकत घेतलं.

रुमालवाला_म्हापसा | शुक्रवार, रात्री ९:४०

रुमाल उचलायला आलो. बाजार बरा झाला, मिरच्या संपल्या.

सगळं वाचलं. माझी आई पन्नासेक वर्षं म्हापशाच्या बाजारात बसली. मी लेखक नाही, पण एका लेखकाने तिच्यावर लिहिलं होतं. पेपरात, रविवारच्या पुरवणीत. तिला विचारलं नव्हतं. मी घेऊन गेलो, वाचून दाखवलं. तिला दोन गोष्टी आवडल्या नाहीत. एक, त्याने लिहिलं की ती उन्हात बसते. ती पन्नास वर्षं भांडून सावलीची जागा मिळवून बसली होती. दुसरं, त्याने घेतलेल्या मिरच्यांचे पैसे राहिले होते.

माझं मत: विचारा, पण "लिहू का?" असं नका विचारू. "सावली होती का?" असं विचारा. माणूस सांगत बसतो, आणि तुम्ही लिहिणार हे त्यालाही कळतंच की.

शेवरी | रात्री १०:१५

रुमालवाला, उद्या काकांकडे जातेय. दारूचा विषय काढणार नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात समोरून बार्ज आली की काय करायचे तेवढं विचारते.

जेटीवरचा | रात्री १०:२०

शिव्या वहीत लिहून घ्या. मुलांच्या वह्यांमध्ये नको.

बाल्कांव | रात्री १०:५१

@घराखालची_जमीन, परवाचं भांडण डोक्यात राहिलं. एक सांगायचं होतं. आमच्या घरी आजोबांच्या वह्या आहेत, लाकडी पेटीत. कुठल्या मुंडकाराने किती नारळ पाडले, कोण कुठल्या दिवशी कामाला आला, कुणाला तांदूळ दिले, सगळं टिपलेलं. मजुरीच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसती रेघ आहे. बाबा म्हणतात जाळून टाकू, वाळवी लागलीय. तुम्हाला कागद नाही म्हणून काठी लागते ना? कागद आहे. तुमच्या गावचा नाही, पण गावं सगळी सारखीच होती. बघायला या. जे असेल ते लिहा, आमचं नाव घातलंत तरी माझी हरकत नाही. बाबांची असेल, ते मी बघते.

घराखालची_जमीन | रात्री ११:०६

काय बोलू? येतो. जाळू देऊ नका. तोवर कडुनिंबाचा पाला घालून ठेवा पेटीत. कुठल्या लिपीत आहेत?

बाल्कांव | रात्री ११:०९

जुन्या मोडीत, मधल्या पोर्तुगीजमध्ये, शेवटच्या दोन देवनागरीत. मला फक्त शेवटच्या दोन वाचता येतात.

घराखालची_जमीन | रात्री ११:१२

मला पण. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून बघतो. इथे मोडी येणारं कुणी आहे का?

पडद्यामागे | रात्री ११:३०

मला येते. रविवारी मोकळा असतो, बाकी दिवस ड्युटी. जेवण असेल तर लवकर येईन.